विषमता वाढली की क्रांती होतेच का? सुप्याच्या बाजारात जळलेल्या कर्जखतांवरून एक उत्तर

एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा: समाजातली विषमता टोकाला गेली की क्रांती अटळ असते असं आम्हाला शिकवतात. फ्रान्समध्ये तसं झालंही. मग इंग्रजी अमलात दख्खनचा कुणबी फ्रेंच शेतकऱ्यापेक्षा गरीब असूनही इथे नुसते ‘दंगे’ होऊन का थांबलं? आणि हे समजून घ्यायला कादंबऱ्या वाचाव्यात, की त्यांनी दिशाभूलच होते?

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि त्यातला बराच काळ पुणे-नगरकडच्या कर्जाच्या कागदपत्रांत घालवला. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी त्या ‘अटळ’चं बघू. विषमतेने क्रांती होत असती, तर इतिहासाच्या पुस्तकात क्रांतीशिवाय दुसरं प्रकरणच नसतं. माणसं पिढ्यान् पिढ्या विषमता सोसतात, तिला नियम लावतात, त्या नियमांच्या आधाराने जगतात. सावकार व्याज घेतो, पण अडीनडीला दाणे देतो. जमीनदार खंड घेतो, पण दुष्काळात सूट देतो. हे न्याय्य असतं असं मी म्हणत नाही, पण ते अंगवळणी पडलेलं असतं. वरच्याने हे जुने नियम एकतर्फी मोडले आणि ते मोडलेले नियम कायदा म्हणून खालच्याच्या गळ्यात मारले, की ठिणगी पडते. म्हणून लोक किती गरीब होते हे मी विद्यार्थ्यांना फार विचारत नाही. मी विचारतो, गर्दीचा हात पहिल्यांदा कशावर पडला?

सुप्यात तो कागदावर पडला.

सुपे म्हणजे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं बाजाराचं गाव, आज ते बारामती तालुक्यात येतं. 12 मे 1875 रोजी आसपासच्या खेड्यांतले कुणबी तिथे जमले. त्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि मागणी केली ती हिशेबाच्या वह्यांची आणि खतांची, म्हणजे कर्जाच्या लेखी दस्तांची. हाती लागलेली खतं जाळली, धान्याची दुकानं लुटली, काही ठिकाणी घरंही पेटवली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पोचलं. पोलीस आले, लष्कर आलं, साडेनऊशेच्या आसपास माणसं पकडली गेली.

आता सरकारी चौकशी आयोगाने काय नोंदवलं ते पाहा. आयोग सरकारचा, दंगेखोरांची बाजू घेण्याचं त्याला काही कारण नव्हतं. तरी तो सांगतो की जिथे सावकाराने निमूटपणे खतं काढून दिली, तिथे जमाव सहसा आणखी काही न करता निघून गेला. मारहाण झाली ती बहुधा कागद दडवले तिथे, आणि अंगावरच्या गुन्ह्यांचं प्रमाण एकूण फारच थोडं. पिसाळलेला जमाव असा वागत नाही. कागद पेटला की देणं मिटतं, हा त्यांचा हिशेब होता.

पण कागदावर एवढा राग का? त्यासाठी एक खत जवळून वाचू. तारीख 18 नोव्हेंबर 1873. एक शेतकरी लिहून देतो की देण्यापोटी लोखंडी आसाच्या माझ्या दोन गाड्या, त्यांचा सगळा सरंजाम आणि चार बैल मी तुम्हाला विकले. त्याच कागदात तो पुढे लिहून देतो की त्याच दोन गाड्या आणि तेच चार बैल मी तुमच्याकडून भाड्याने घेतले. भाडं महिन्याला चार रुपये. त्याची पावती तुमच्या हातची घेईन, आणि पावती नसेल तर भाडं दिलं होतं अशी तक्रार करणार नाही.

हे खत मी वर्गात वाचून दाखवतो, कारण बैल गोठ्यातून हललेलेच नाहीत हे ऐकणाऱ्याच्या पटकन ध्यानात येतं. सकाळी तेच औत, तोच बांध. बदललं एवढंच की काल जो बैलांचा धनी होता, तो आज त्यांचा भाडेकरू झाला. आणि शेवटची अट तर अशी की भाडं दिल्याचा पुरावा ज्याने भाडं घेतलं त्याच्याच हाती. लिहून देणाऱ्याला बहुधा वाचता येत नसे. आपल्या जुन्या दस्तांत कुणब्याच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी असते. वर काय लिहिलंय हे न कळता तो नांगर काढून देत असे.

मिरजगावच्या (तालुका कर्जत) रयतेने नगरच्या कलेक्टरला दिलेल्या अर्जात हेच गाऱ्हाणं आहे. उधारीवर कापड आणि धान्य घेताना रोखीच्या भावापेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के जास्त लावतात. शेतातलं पीक खात्यावर जमा करू म्हणून घेऊन जातात, खात्यात ते दिसत नाही. पावती मागितली तर देत नाहीत. अर्जभर सूर असा की सावकार हल्ली असं वागू लागलेत. व्याज घेतात हा त्या अर्जाचा मुख्य मुद्दा नाही, व्याज पूर्वीही होतंच. पूर्वीच्या व्याजाला कुंपण होतं एवढंच. दामदुप्पट! मुद्दलापेक्षा व्याज जास्त होऊ द्यायचं नाही ही रीत होती. आयोगासमोर मात्र शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचं प्रकरण आलं.

हे कुंपण कुणी उखडलं? सावकाराच्या हावेने, असं सरकारचं उत्तर होतं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं सरकारच्याच कचेरीत सापडतं. रयतवारीत, म्हणजे सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेई त्या पद्धतीत, शेतसारा रोकड द्यायचा, पीक येवो न येवो. 1860च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. दख्खनच्या खेड्यापाड्यांत उधारी सढळ सुटली. 1865 साली युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकाराने हात आखडता घेतला. आणि नेमक्या याच सुमारास, 1866-67च्या पुढे, तीस वर्षांच्या जुन्या जमाबंदीची (शेतसाऱ्याच्या ठरावाची) मुदत संपून नवी सुरू झाली. तिने सारा काही ठिकाणी निम्म्याने, काही ठिकाणी दुपटीने वाढवला. उत्पन्न उतरलं, सारा चढला, उधारी आटली, आणि तीनही एकाच वेळी.

शिवाय 1859चा मुदतीचा कायदा. तो मुळात कर्जदारासाठी केलेला. खताची मुदत तीन वर्षं, म्हणजे व्याज साचत राहणार नाही असा हेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवीन खत लिहून घ्यायला लागला. थकलेलं व्याज नव्या खताच्या मुद्दलात गेलं आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू झालं. दामदुप्पट तिथेच मेली, कारण कागदावर प्रत्येक मुद्दल नवंकोरं होतं. दिवाणी कोर्टाला खतामागचा इतिहास बघायचाच नव्हता. खत आहे, निशाणी आहे, हुकूमनामा घ्या, जप्ती आणा. पंचायतीपुढे बोलता आलं असतं ते मुन्सफापुढे बोलता येत नव्हतं. पाठ्यपुस्तकात या कायद्याला एखादी ओळ मिळते. माझ्या मते हे सगळं प्रकरण समजायला सर्वांत उपयोगी कागद तोच.

सुप्याच्या आधी काय घडलं तेही पाहा, कारण उठाव एका दिवसात होत नसतो. 1874च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका सावकाराने तिथल्या देशमुखांवर कोर्टाचा हुकूमनामा बजावला आणि त्यांचं घर पाडायला निघाला. देशमुख म्हणजे गावातलं मोठं घर. गावाने ठरवलं की या सावकारांशी व्यवहार बंद. न्हाव्याने हजामत करायची नाही, परटाने धुणं घ्यायचं नाही, पाणी कुणी भरायचं नाही. एका गावाचं पाहून दुसऱ्या गावांनीही अशी करारपत्रं केली. म्हणजे आधी बहिष्कार, तोही लेखी. कागदाने गांजलेल्या माणसांनी पहिला प्रतिकारही कागद करूनच केला, यात मला मोठी गंमत वाटते. आणि सुरुवात गावातल्या सगळ्यात गरिबाने केलेली नाही हेही ध्यानात असू द्या. ज्याच्याकडे गमावण्यासारखं घर होतं, ज्याच्या शब्दाला बलुतेदार मान देत होते, तिथून ती झाली.

आता फ्रान्स. तुमची कल्पना बहुधा अशी असणार: उपाशी पॅरिस, बॅस्टिलचा तुरुंग, राणीचं ‘मग केक खा’. ते वाक्य मारी आंत्वानेतच्या तोंडचं नाही. रूसोच्या आत्मचरित्रात ते एका निनावी राजकन्येच्या नावावर येतं, आणि तो मजकूर लिहिला गेला तेव्हा मारी फ्रान्सात आलेलीसुद्धा नव्हती. बॅस्टिल पडलं तेव्हा आत सातच कैदी होते. भूक मात्र खरी होती. 1788चं पीक बुडालं होतं आणि जुलै 1789 मध्ये पॅरिसमधला पावाचा भाव शिगेला पोचला होता.

पण खेड्यांत जाऊन बघा. बॅस्टिलनंतरच्या तीनेक आठवड्यांत फ्रान्सच्या ग्रामीण भागात ‘महाभय’ पसरलं. धनदांडग्यांनी आपलं पीक कापून न्यायला लुटारूंच्या टोळ्या सोडल्यात अशी आवई उठली. शेतकऱ्यांनी हत्यारं उचलली, टोळ्या काही आल्या नाहीत. या खळबळीच्या दिवसांत बऱ्याच प्रांतांतले शेतकरी सरदारांच्या गढ्यांवर चालून गेले आणि तिथे त्यांनी मागितले हक्कांचे दफ्तर: कुणी किती खंड द्यायचा, कुणाचं दळण सरदाराच्याच गिरणीत व्हायचं, मालक बदलला की किती नजराणा, हे सगळं ज्यात नोंदलेलं ते बाड. दिलं तर जाळलं. नाही दिलं तर बऱ्याच ठिकाणी गढीच पेटवली. सुप्याच्या शहाऐंशी वर्षं आधी, हजारो मैलांवर, ज्यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं अशी माणसं हुबेहूब तेच करत होती. 1381च्या इंग्लंडमधल्या शेतकरी बंडातही जहागिरीच्या कोर्टाची दफ्तरं अशीच जळाली.

आणखी एक साम्य आहे, ते मला याहून बोलकं वाटतं. दख्खनमध्ये अशी वदंता होती की एका इंग्रज साहेबाला मारवाड्याने नागवलं, त्याने थेट राणीकडे दाद मागितली आणि राणीने खतं परत घ्या असा हुकूम काढला. म्हणजे आपण करतोय ते सरकारच्या मर्जीनेच. आणि 1789 मध्ये फ्रान्सच्या माकोनेसारख्या भागातले शेतकरी सांगत होते की गढ्यांवर चाल करायचा हुकूम खुद्द राजाचा आहे. दोन्हीकडच्या लोकांना राज्य उलथायचं नव्हतं. मधल्या माणसाला दूर सारून धन्याचा न्याय स्वतःपर्यंत आणायचा होता. ‘क्रांतिकारक जनता’ हे चित्र नंतरच्यांनी रंगवलं.

मग एकाच जातीच्या दोन घटना, आणि फळं इतकी वेगळी का? तुमच्या प्रश्नाचा गाभा हा आहे. इथे शेतकऱ्याकडे बघणं थांबवून राज्याकडे बघायला हवं.

1789 मध्ये फ्रान्सचं राज्य आतून पोखरलेलं होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतून खजिना कर्जात बुडाला होता, आणि कर वाढवायला राजाला मे महिन्यात प्रतिनिधिसभा बोलवावी लागली होती. तिच्या आधी गावोगाव लोकांकडून तक्रारींच्या वह्या लिहून घेतल्या गेल्या. सरकारनेच विचारलं, तुमचं दुखतंय काय? एकदा असं विचारलं की उत्तर थांबवता येत नाही. सैन्य डळमळीत होतं, बॅस्टिलवर तोफा घेऊन जाणाऱ्यांत राजाच्याच पहाऱ्याचे शिपाई होते. आणि व्हर्सायला बसलेल्या वकील-अधिकाऱ्यांच्या सभेला, गढ्या जळत असल्याच्या बातम्या आल्यावर, 4 ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क सोडल्याची घोषणा करावी लागली. ती मनापासूनची होती असं समजू नका. त्यातले बरेच हक्क ‘मोबदला देऊन सोडवून घ्या’ अशा अटीवर होते. शेतकऱ्यांनी मोबदला द्यायला नकार दिला, पुन्हा पुन्हा उठले, तेव्हा कुठे जुलै 1793 मध्ये ते हक्क बिनमोबदला रद्द झाले आणि ते कागद जाळून टाकण्याचा हुकूम खुद्द सरकारनेच काढला. 1789 साली गावकऱ्यांनी केलेला गुन्हा चार वर्षांत कायदा झाला. बंड आणि क्रांती यांच्यात मला दिसणारा फरक हा असा आहे.

फ्रेंच विचारवंत टॉकव्हिलचं निरीक्षणही इथे उपयोगी पडतं. तो म्हणतो की फ्रेंच शेतकरी युरोपातल्या पुष्कळांपेक्षा बरा होता, त्याच्यापाशी स्वतःची जमीन होती, आणि म्हणूनच सरदाराचे उरलेसुरले हक्क त्याला जास्त टोचले. दुसरं म्हणजे वाईट राज्याला सर्वांत मोठा धोका ते सुधारायला लागतं तेव्हा असतो. हे सगळीकडे लागू पडतं असं मी म्हणणार नाही. पण ‘जितकी गरिबी जास्त तितकी क्रांती जवळ’ या समजुतीवर याच्याइतका चांगला उतारा मला माहीत नाही. 1876-78च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं किड्यामुंगीसारखी मेली. तेव्हा सुप्यासारखा उठाव झाला नाही. पोटात काही नसलेला माणूस दुष्काळी कामावर खडी फोडायला जातो.

1875 मधल्या इंग्रजी राज्याला असं खिंडार नव्हतं. 1857 होऊन अठरा वर्षं झाली होती आणि त्यातून धडा घेऊन सगळी घडी नव्याने बसवलेली. पुण्याला छावणी, तारायंत्र, बोरघाटातून रेल्वे. लष्कर वेळेवर पोचलं आणि डगमगलं नाही. शिवाय कुणब्याचं म्हणणं वर नेऊन मांडील असं कुणी त्या राज्याच्या गाभ्यात बसलेलं नव्हतं. पुण्यात सार्वजनिक सभा होती, शेतकऱ्याच्या हलाखीची चौकशीही तिने केली होती, आणि तिचं काम मी कमी लेखत नाही. पण ती अर्ज करणारी सभा होती, 4 ऑगस्टला ठराव करणारी नव्हती.

आणि इथे जात येते. ‘वर्ग’ या एकाच चाकोरीतून बघितलं तर ती निसटते. दंग्यात रोख मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता, ब्राह्मण सावकारांना बहुतेक ठिकाणी हात लागला नाही असं आयोग नोंदवतो. त्याची कारणं काय? परका आणि गावचा हा भेद आहे, धाक आहे, आदरही असेल. म्हणजे एकाच धंद्यातल्या दोन माणसांशी जमाव दोन तऱ्हांनी वागतो. नुसत्या आर्थिक विषमतेच्या गणितात हे बसत नाही. तुमच्या प्रबंधात ही गाठ सोडवायचा प्रयत्न जरूर करा, पण ती एका वाक्यात सुटते असं भासवू नका.

जोतीराव फुल्यांनी ही गाठ वेगळ्या टोकाकडून धरली. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883चा, म्हणजे सुप्यानंतर आठ वर्षांनी. त्यात सावकार आहेच, पण असूड जास्त ओढलाय तो कचेरीवर: वाढता शेतसारा, पाटाच्या पाण्याचे दर, आळशी गोरे अंमलदार आणि त्यांच्या हाताखालचे चिरीमिरी खाणारे भट कारकून. त्याचा काही भाग ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रात छापून आला आणि पुढचा छापायला संपादक धजावले नाहीत. ‘विद्येविना मति गेली’ हे आपण शाळेच्या भिंतीवर रंगवून बोथट करून टाकलंय. ते सुप्याच्या शेजारी ठेवून वाचा. कुणब्याने खत जाळलं, पण दुसऱ्या दिवशी नवीन खत लिहायला तोच लिहिणारा आणि निशाणी करायला हाच नांगर. वाचता येत नाही तोवर जाळपोळ दर पिढीला करावी लागेल. जोतीरावांनी हे सुप्याचं नाव घेऊन लिहिलेलं नाही, पण मला त्या ओळींचा अर्थ या कागदपत्रांत बसल्यावरच लागला.

सरकारनेही काहीच केलं नाही असं नाही. 1879 साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. कोर्टाने खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती, फेड किती झाली हे बघावं, देण्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, हप्ते बांधून द्यावेत, खत गावच्या निबंधकासमोर व्हावं. जळालेल्या कागदांचं हे फळ म्हणायला हरकत नाही, दंगे झाले नसते तर हा कायदा इतक्या लवकर आला नसता. सावकाराने त्यातूनही वाट काढली. गहाणखतात कोर्ट नाक खुपसतं ना, मग थेट खरेदीखतच लिहून घ्यायचं, आणि पैसे फिटले की जमीन परत देईन हे नुसतं तोंडी. त्याच साली, फेब्रुवारीपासून, वासुदेव बळवंत फडके रामोश्यांना घेऊन धामारीसारख्या गावांतल्या सावकारांवर दरोडे घालत होते. त्यांना राज्यच उलथायचं होतं. पण कुणबी त्यांच्या मागे मोठ्या संख्येने उभा राहिला नाही. सुप्याला जमलेली माणसं आणि फडक्यांची माणसं यांच्यात सांधा का जुळला नाही, यावर मराठीत अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

आता कादंबऱ्या. वाचा, जरूर वाचा. फक्त कादंबरीकार गर्दीच्या कुठल्या बाजूला उभा आहे ते आधी बघा.

फ्रेंच राज्यक्रांती म्हटली की आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे येते ती डिकन्सची, ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मधली. ती 1859ची, म्हणजे घटनेनंतर सत्तर वर्षांनी इंग्लंडात बसून लिहिलेली, आणि तिच्या पाठीशी इतिहासकार कार्लाइलचा क्रांतीवरचा ग्रंथ. डिकन्सला सरदारांबद्दल संताप आहे, गरिबांची कणवही आहे. पण गरीब एकत्र आले की त्याच्या लेखणीत त्यांचा समुद्र होतो, त्यांना चेहरा राहत नाही. दोनच वर्षांपूर्वी, 1857च्या बातम्या ऐकून, याच डिकन्सने एका पत्रात हिंदी लोकांचा नायनाट करायची भाषा केली होती हे विसरू नका. तरी त्या कादंबरीतली एक गोष्ट मला अचूक वाटते. मादाम दफार्ज विणकाम करत बसते आणि ज्यांना संपवायचं त्यांची नावं टाक्यांत नोंदवते. सरदाराचं दफ्तर असतं, तसं हे तिचं दफ्तर. डिकन्सला शेतकऱ्यांनी जाळलेल्या बाडांत रस नव्हता, पण नोंद ठेवणाऱ्याच्या हाती सत्ता असते हे त्याला कळलेलं होतं.

ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ (1862) राज्यक्रांतीवरची नव्हे, हे एकदा सांगून टाकतो, कारण उत्तरपत्रिकांत हा घोळ नेहमीचाच. तिच्यातला उठाव 1832 सालच्या जूनमधला आहे, जनरल लामार्कच्या अंत्ययात्रेतून पेटलेला आणि दुसऱ्या दिवशी चिरडला गेलेला. पण तुमच्या प्रश्नाला ती डिकन्सपेक्षा जास्त उपयोगी. तरुण मुलं रस्ता अडवून लढतात, अन्याय खरा आहे, विषमता तर डोळे फोडून दिसते आहे, आणि आजूबाजूच्या घरांची दारं उघडत नाहीत. उठाव का फसतो यावर ह्यूगोची ती बंद दारं अख्ख्या प्रकरणाचं काम करतात.

आपल्याकडे अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ (1959). बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली. इथे लेखक गर्दीकडे लांबून बघत नाही, त्यांच्यात वाढलेला आहे. दुष्काळात मांगवाडा उपाशी, आणि फकिरा धान्य लुटून लोकांना जगवतो. आणि कागद इथेही आहेच, हजेरीच्या रूपाने. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या माणसांना रोज हजेरी द्यायला लावणारी ती व्यवस्था अण्णा भाऊंनी आतून पाहिलेली. मात्र मला या कादंबरीबद्दल एक तक्रार आहे. सगळा भार एका वीरावर पडतो. सुप्याच्या बाजारात एकही फकिरा नव्हता, होती ती नाव नसलेली शेकडो माणसं, आणि त्यांची कादंबरी मराठीत अजून झालेली नाही. पोवाडा आणि शाहिरी अंगात मुरलेल्या लेखकाकडून वीराची कथाच होणार, हेही खरं.

कादंबरी नसलेलं पण वाचायलाच हवं असं एक पुस्तक म्हणजे गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. 1945 साली ठाणे जिल्ह्यात वारल्यांनी वेठबिगारी नाकारली त्याची ही हकिगत. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी नवरा-बायको दोघंही जमीनदाराचे ‘लग्नगडी’ होत, आणि फेडीचा हिशेब अर्थात जमीनदाराकडेच. मे महिन्यात झरीला परिषद झाली, वेठ करायची नाही असं ठरलं, आणि लग्नगडी सोडवले गेले. ऑक्टोबरात गोळीबार झाला, माणसं मेली, तरी वेठ परत आली नाही. इथे काय वेगळं होतं? किसान सभा होती. गावागावांतून निरोप नेणारी, एकाच दिवशी एकच मागणी करायला शिकवणारी माणसं होती. आणि वरचं राज्य जायच्या बेतात होतं. सुप्याला यातलं काहीच नव्हतं.

तुमच्या प्रबंधासाठी एक सूचना. सुपे घेऊ नका, त्यावर सगळेच लिहितात. कर्डे घ्या. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, तिथे महसूल खात्याची 1875ची बाडं मागा. आयोगापुढच्या साक्षी आधी वाचा, अहवालाचे निष्कर्ष मागाहून. कारण सारावाढ हे दंग्याचं कारण नव्हे असं आयोगाने ठरवलं, आणि साक्षींत तर रयत साऱ्याबद्दल बोलताना सापडते. मोडी येत नसेल तर आत्ताच शिकायला लागा, खतं बहुतेक मोडीत आहेत. आणि प्रत्येक खताखाली निशाणी कुणाची आणि हस्ताक्षर कुणाचं, याची वेगळी यादी पहिल्या दिवसापासून करत चला.